मलब्याचा हिशेब

'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. घर पाडूनही पाहावे, असे मी तिला जोडीन. चार वर्षांपूर्वी औरंगपुऱ्यालगतच्या एका गल्लीतले आमचे घर उतरवावे लागले. हे घर दोन काळांतले होते. पुढची ढाळज आणि ओसरी माळवदाची, पणजोबांच्या वेळची. मागच्या दोन खोल्या आणि त्यांवरचा स्लॅब वडिलांनी 1979 साली घातलेला.

पुढचा भाग उतरवायला तीन आठवडे लागले. सुतार आला, त्याने खांब आणि तुळया यांचे सांधे सैल केले आणि लाकूड न चिरता खाली घेतले. जुन्या लाकडाचा व्यापारी दारात उभा राहून लांबी-जाडी मोजत होता. पायाचे काळे दगड एका नातेवाइकाने शेतातल्या विहिरीसाठी नेले. विटा दोन बायांनी बसून तासल्या. त्यांतल्या धडक्या आम्ही ठेवल्या, अर्ध्यामुर्ध्या शेजाऱ्यांनी नेल्या. माळवदावरची पांढरी मातीसुद्धा मागायला माणूस आला. शेवटी जागा झाडून काढली, तेव्हा टाकायला दोन-चार टोपल्यांहून जास्त काही उरले नव्हते.

मागचा भाग तीन दिवसांत पडला. ब्रेकर आला, धुरळा उडाला, सळया कंत्राटदाराने ओढून काढून नेल्या. उरला तो ढीग. ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली भरली आणि विचारले, "काका, कुठं टाकू?" मी म्हटले, "तुम्ही नेहमी कुठं टाकता?" तो नुसता हसला. मीही पुढे विचारले नाही. पंधरा दिवसांनी खामकडे जाणाऱ्या एका नाल्याच्या कडेने जाताना मलब्याचा ढीग दिसला. त्यातल्या गिलाव्याच्या तुकड्यांवर आमच्या स्वयंपाकघराचा मोरपंखी रंग होता.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसला. एकाच कुटुंबाने, एकाच जागेवर बांधलेल्या दोन घरांपैकी एक जवळजवळ पूर्ण वापरात गेले आणि दुसरे नाल्यात गेले, असे का झाले? 'पूर्वीचे लोक काटकसरी, आताचे उधळे' हे उत्तर सोपे आहे, पण मला ते पटत नाही. वडिलांइतका काटकसरी माणूस मी पाहिलेला नाही. उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागेल. (आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो त्या शहराची नावे वेळोवेळी बदलली. पुढे ज्या त्या काळचे नाव वापरले आहे.)

पांढरीची माती

मराठवाड्यात गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. वस्तीची माती पांढुरकी होते ती माणसांमुळे. मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण, चुना हे सगळे पिढ्यान्पिढ्या तिथेच जिरते. घर पडले की त्याच मातीवर नवे घर उभे राहते आणि जागा हळूहळू उंच होत जाते. पैठण, तेर, भोकरदन या सातवाहनकाळी नांदत्या असलेल्या गावांची टेकाडे अशीच वाढली. संशोधक त्या टेकाडांना पुरातत्त्वीय स्थळे म्हणतात. गावकऱ्यांच्या लेखी ती मातीची खाण होती. पांढऱ्या मातीतून पाणी सहजी झिरपत नाही, म्हणून माळवदावर पसरायला ती हवी असे. शेतात खत म्हणूनही ती गाड्या भरून नेत. म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कोसळलेल्या घराची माती नव्या घराच्या डोक्यावर चढत होती.

विटांचेही तसेच. प्राचीन वसाहतींच्या उत्खननात कित्येकदा भिंत सापडत नाही, भिंतीच्या आकाराचा रिकामा चर सापडतो. नंतरच्या लोकांनी विटा उपटून नेलेल्या असतात आणि त्या चरात माती भरून आलेली असते. याचे सर्वांत मोठे आणि दुःखद उदाहरण हडप्पाचे. 1850 च्या दशकात लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठी तिथल्या विटा ढिगाने उचलल्या गेल्या. इतिहासाच्या अभ्यासकाने यावर हळहळावे, आणि मीही हळहळतो. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बांधकामाचे साहित्य टाकून द्यायचे असते, ही कल्पना आपल्याकडे फार अलीकडची आहे.

खडकी ते औरंगाबाद

आपले शहरही दुसऱ्या हाताच्या दगडांचे ऋणी आहे. मलिक अंबरने 1610 साली खडकी वसवली. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, तिला फतेहनगर म्हटले. 1653 मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद हे नाव दिले आणि 1682 च्या सुमारास शहराभोवती कोट उभा राहिला. 1763 मध्ये निजाम अलीखानाने राजधानी हैदराबादला नेली. दरबार गेला, त्याच्यामागे सरदार, कारकून आणि कारागीरही गेले. हवेल्या रिकाम्या पडल्या. निजाम सरकारने 1884 मध्ये प्रसिद्ध केलेल्या औरंगाबादच्या गॅझेटिअरमध्ये या उतरत्या कळेचे वर्णन आहे.

रिकाम्या हवेलीचा दगड फार दिवस रिकामा राहत नाही. आज कोटाचे बरेच दरवाजे उभे आहेत, पण त्यांना जोडणारी भिंत पुष्कळ ठिकाणी नाहीशी झाली आहे. जुन्या शहरात हिंडताना एखाद्या साध्या घराच्या जोत्यात मध्येच कोरीव कडेचा, उत्तम घडवलेला दगड दिसतो. तो त्या घरासाठी घडवलेला नव्हता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

साहित्य का जपले जाई, याचे एक कारण बीबी का मकबरा पाहताना कळते. फ्रेंच प्रवासी तावेर्निए सुरतेहून गोवळकोंड्याकडे जात असताना त्याला वाटेत औरंगाबादकडे संगमरवर नेणाऱ्या सुमारे 300 गाड्या दिसल्या. त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही 12 बैल जोडलेले होते. बादशाही घराण्यालाही ही वाहतूक जड गेली असणार. मकबऱ्यात संगमरवर मुख्यतः खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर आहे. बाकी भागात इथलाच काळा दगड आणि त्यावर चुन्याचा उत्तम गुळगुळीत गिलावा आहे. दुरून येणारे साहित्य मोजून वापरायचे आणि बाकीचे जवळचे घ्यायचे, हा हिशेब राजपुत्रांनाही चुकला नाही. मग गल्लीतल्या माणसाने तो किती काटेकोर ठेवला असेल, याची कल्पना करावी.

सुटे होणारे घर

जुन्या घराचे साहित्य परत वापरता येई, कारण ते घर सुटे होण्यासारखे बांधलेले असे. माणसांच्या स्वभावाइतकाच हा बांधण्याच्या रीतीचा भाग होता.

लाकडापासून सुरुवात करू. आपल्याकडे घर खणांत मोजत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. तीन खणी, पाच खणी असे घराचे माप सांगत. गावोगावी खणाची लांबी साधारण सारखी असल्यामुळे एका घराची तुळई दुसऱ्या घरात बसे. खांब दगडी तळखड्यावर नुसता उभा असे, जमिनीत गाडलेला नसे, त्यामुळे त्याचे बूड कुजत नसे. सांधे खाचेत बसवलेले असत, त्यामुळे ते उकलता येत. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. या शहरात वासे खरोखर फिरत आले आहेत, एका घरातून दुसऱ्या घरात.

मग चुना. चुनखडी भट्टीत भाजून, विरवून, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळून चुन्याचा मसाला होई. तो मजबूत होता, पण विटेहून किंवा दगडाहून कमी मजबूत. भिंत पाडताना सांधा आधी सुटे आणि वीट शाबूत निघे. सिमेंटच्या मसाल्याने हे उलटे केले. सांधा विटेहून कठीण झाला, त्यामुळे पाडताना वीट फुटते आणि सांधा तिला चिकटून राहतो. आमच्या घराच्या दोन भागांतला फरक मुख्यतः एवढाच होता.

फुटलेल्या विटेलाही जागा होती. तिची भुकटी म्हणजे सुरखी. चुन्यात सुरखी मिसळली की मसाला ओलाव्यातही घट्ट होतो, म्हणून हौद, मोऱ्या आणि पाण्याच्या जागी ती आवर्जून वापरत. विटांच्या रोड्यांचा कोबा गच्चीवर घालत. हा कोबा आजही घालतात, फक्त चुन्याच्या जागी सिमेंट आले आहे. फुटकी वीट हे त्या धंद्यात टाकाऊ साहित्य नव्हतेच. तो दुसऱ्या पदार्थाचा कच्चा माल होता.

पण यामागचे एक कारण सांगितले नाही, तर चित्र खोटे ठरेल. त्या काळी साहित्य महाग होते आणि माणसाचे श्रम स्वस्त. दगड फोडणारा वडार, चुना मळणारा, विटा तासणाऱ्या बाया यांच्या दिवसाला मोल फार थोडे होते, आणि काही ठिकाणी ते वेठीनेच राबत. एक वीट साफ करायला लागणारा वेळ विटेहून स्वस्त असेल, तरच वीट साफ केली जाते. आज मजुरी वाढली, ती वाढायलाच हवी होती. त्यामुळे विटा तासत बसण्याचा काळ परत येणार नाही, आणि तो यावा अशी इच्छाही धरू नये.

किल्लारीचा धडा

जुन्या घरांबद्दल लिहिताना मराठवाड्यातल्या माणसाने 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विसरून चालत नाही. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद सीमेवर धरणी हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे 8 हजार माणसे गेली. बहुतेक जण झोपेत, स्वतःच्या घराखाली गाडले गेले.

ती घरे वर वर्णन केलेल्या घरांचीच भावंडे होती. दगडी भिंती खूप जाड होत्या, पण आतली आणि बाहेरची फळी वेगवेगळी रचून मधे चिखल आणि दगडगोटे भरलेले. दोन्ही फळ्यांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. आणि वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला त्यावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर चढे. जुना थर कोणी काढत नसे. वर्षानुवर्षे छत जड होत गेले. काहीही टाकायचे नाही, असेल त्यावरच भर घालायची, ही सवय त्या पहाटे जिवावर उठली.

नंतर जे झाले, त्यात आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन वाटा दिसतात. सर्वाधिक हानी झालेली 52 गावे दुसऱ्या जागी वसवली गेली. तिथे दगड आणि माती यांच्यावरचा विश्वास उडालेला होता. लोकांना सिमेंटचे घर हवे होते, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसरी वाट होती ती कमी हानी झालेल्या गावांतल्या घरांच्या डागडुजीची आणि मजबुतीकरणाची. माळवदावरची जास्तीची माती उतरवा, भिंतीत ठरावीक अंतराने आरपार दगड घाला, भिंतींना बांधून ठेवणारा आडवा पट्टा द्या, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके टेकू द्या, अशा सूचना तेव्हा दिल्या गेल्या. म्हणजे घर पाडायचे नाही, त्यातली चूक तेवढी काढायची. दुसऱ्या वाटेची चर्चा फारशी होत नाही. पण मलबा कमी करण्याचा याहून मोठा उपाय मला ठाऊक नाही. जे घर पाडावे लागत नाही, त्याचा मलबा होत नाही.

मात्र किल्लारीनंतर मराठवाड्यातल्या मनांत दगडाची भीती आणि सिमेंटचा भरवसा पक्का झाला. आमच्याच गल्लीत त्यानंतरच्या काही वर्षांत चांगली माळवदे उतरली आणि स्लॅब पडले.

परमिटचे सिमेंट

सिमेंट या भागात नवे नव्हते. निजामाच्या राज्यातल्या शहाबादला, फरशीच्याच गावी, त्याचा कारखाना होता. 1936 मध्ये देशातल्या अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, त्यांत शहाबादची कंपनीही होती. पण गल्लीतल्या घरापर्यंत सिमेंट पोचायला स्वातंत्र्यानंतरची काही दशके जावी लागली, आणि पोचले ते नियंत्रणातून, परमिटवर.

1979 मध्ये आमच्या मागच्या खोल्या बांधल्या, तेव्हा मी लहान होतो. पण पोती आल्याचा दिवस आठवतो. वडिलांनी ती फळ्यांवर रचली, भिंतीला टेकू दिली नाहीत, वर ताडपत्री घातली आणि रात्री आम्हा भावंडांना राखणीला बसवले. दररोज सकाळी किती पोती फोडली, ते ते पंचांगाच्या मागच्या पानावर लिहीत. मसाला एका वेळी पाटीभरच कालवायचा, असा मिस्त्रीला दम होता. उरला मसाला घट्ट झाला, तर त्या दिवशी घरात आवाज चढे. सिमेंट हा तेव्हा केवढा मोलाचा, आणि म्हणून केवढा संशयाचा माल होता, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. जानेवारी 1982 मध्ये मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांना पद सोडावे लागले, ते सिमेंटवाटपाच्याच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले आणि 1 मार्च 1989 पासून पूर्ण उठले. टंचाई संपली, काळाबाजार संपला, हे चांगलेच झाले. सामान्य माणसाला घर बांधणे शक्य झाले. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींमुळे शहर वाढत होते, सिडको-हडकोची घरे उभी राहत होती. पण टंचाईबरोबर पंचांगाच्या मागचे पानही गेले. कमी पडले तर दुकानातून आणखी दोन पोती आणू, असे म्हणता येऊ लागले, आणि मोजायची गरज संपली.

इथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडते. जुन्या पद्धतीत हिशेब घर पाडताना होत असे. काय निघेल, कुठे जाईल, कितीला जाईल. परमिटच्या काळात तो घर बांधताना होत असे, कारण माल मिळत नव्हता. सिमेंटच्या घराचे साहित्य पाडताना परत मिळत नाही आणि बांधताना दुर्मीळ राहिलेले नाही. त्यामुळे हिशेब कुठेच होईनासा झाला. ट्रॉलीवाल्याच्या तोंडचा प्रश्न हा त्या न झालेल्या हिशेबाची उरलेली बाकी आहे.

ट्रॉलीचे वजन

सरकारने याची दखल घेतली आहे. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम 29 मार्च 2016 रोजी आले. दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टन यांहून जास्त मलबा करणाऱ्याने तो काँक्रीट, माती, वीट-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असा वेगळा करायचा आणि आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा, असे त्यांत आहे. 2025 मध्ये नवे नियम जाहीर झाले. त्यांची अंमलबजावणीची तारीख 1 एप्रिल 2026 आहे आणि त्यांतली उत्पादकाची वाढीव जबाबदारी 20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर टाकलेली आहे. भारतीय मानक 383 नेही 2016 पासून जुन्या काँक्रीटची खडी नव्या कामात वापरायला वाट करून दिली. लोखंड नसलेल्या काँक्रीटमध्ये ती खडीच्या 25 टक्क्यांपर्यंत, एम-25 पर्यंतच्या लोखंडी काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे चालते.

हे सगळे योग्य दिशेने आहे. पण आपली जुनी शहरे मोठ्या प्रकल्पांनी नव्हे, एकेका घराने बदलतात. पंधरा फुटांच्या दर्शनी भागाचे घर पडते, तिथे तीन मजले उठतात. गल्लीत ट्रॉलीचे वजन कोणी करत नाही. खामचे पात्र स्वच्छ करण्याचे काम गेल्या काही वर्षांत शहराने मनावर घेतले, तेव्हा कचऱ्याबरोबर मलब्याचे ढीगही उपसावे लागले. एका टोकाने आपण नदी मोकळी करतो आणि दुसऱ्या टोकाने रात्री ट्रॉली रिती करतो.

हिशेब आधी

मग लहान घर बांधणाऱ्याने काय करावे? मी अभियंता नाही. पण पाडलेले घर पाहून आणि नंतर स्वतःचे बांधताना जे उमगले, ते सांगतो. हिशेब पाडताना करता येत नसेल, तर तो पहिली कुदळ पडण्याआधी, नकाशाच्या कागदावर करावा लागतो. जुन्या लोकांचा खण म्हणजे दुसरे काय होते? मालाचे माप आधी आणि खोलीचे माप त्यावरून.

आज सळई 12 मीटरची येते. आमच्या पहिल्या नकाशात एका ठिकाणी 3.7 मीटरचे तुकडे लागत होते. एका सळईत तीन तुकडे बसतात आणि 90 सेंटीमीटर उरतात. 12 मिलिमीटर जाडीच्या अशा 100 सळया कापल्या, तर सुमारे 80 किलो लोखंड भंगारात जाते. हेच माप 4 मीटर असते, तर काहीच उरले नसते. खोली वाढवता येत नसेल, तर उरलेले तुकडे कुठे बसतील, हे कापण्याआधी ठरवता येते. सळयांच्या कापणीची यादी आधी करायला मिस्त्रीला एक संध्याकाळ लागते.

दुसरी गोष्ट ओळंब्याची. भिंत ओळंब्यात नसेल, तर गिलावा तिला सरळ करतो. 12 मिलिमीटरच्या गिलाव्याऐवजी 20 मिलिमीटर चढला, तर मसाला दीडपटीहून जास्त जातो. तो ट्रॉलीत दिसत नाही, भिंतीतच गाडला जातो. ब्रिटनमधल्या इमारत संशोधन संस्थेतले स्कॉइल्स यांनी 1970-80 च्या दशकांत तिथल्या बांधकामांवर मोजमापे घेतली. दिसणारी नासाडी आणि अशी न दिसणारी नासाडी, असा फरक त्यांनी केला. अंदाजपत्रकात जेवढी घट धरतात, त्याहून प्रत्यक्ष घट जास्त असते, हेही त्यांनी दाखवले.

तिसरी गोष्ट मालकाची, म्हणजे आपलीच. बांधलेली भिंत फोडायला सर्वांत जास्त वेळा मालकच सांगतो. दार इकडे हवे होते, ओटा तिकडे हवा होता, वायरीसाठी खाच राहून गेली. कागदावरची रेघ खोडायला रबर लागते, भिंत खोडायला ट्रॉली लागते. वर्ध्याजवळ सेवाग्रामला 1936 मध्ये गांधीजींची कुटी उभी राहिली. आसपास मिळेल तेच साहित्य वापरायचे आणि खर्च ठरवलेल्या मर्यादेत ठेवायचा, अशी त्यांची अट होती. साधेपणाची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो. मला तिच्यात आधी घालून घेतलेली मर्यादा दिसते. लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवणाऱ्या भिंती रूढ केल्या. त्यांत विटा सुमारे पाव कमी लागतात. तोही हिशेब पहिली वीट लावण्याआधीचाच आहे.

माझा स्वतःचा हिशेब मात्र उशिरा झाला. मागच्या खोल्यांचा मलबा ट्रॉलीला पैसे देऊन घालवला, त्यानंतर महिन्याभराने नव्या घराचे जोते भरायला मुरूम विकत आणावा लागला. पहिली मुरमाची ट्रॉली रिती होत असताना मिस्त्री म्हणाला, "काका, तुमचा मलबा ठेवला असता तर यातलं निम्मं काम त्यात झालं असतं. प्लास्टिक, लाकूड तेवढं वेचून काढायचं, बाकी कुटून भरायचं." मी त्याला विचारले, आधी का नाही सांगितलेस? तो म्हणाला, "आधी मी कुठं होतो? पाडणारा वेगळा, बांधणारा वेगळा."

जुन्या सुताराला हे वाक्य कळलेच नसते. घर उतरवणारा आणि उभारणारा तोच असे, निदान दोघांचे बोलणे तरी होई. आता घर बांधायला काढणाऱ्या ओळखीच्या माणसाला मी एवढेच सांगतो की पाडायचा ठेका देण्याआधी बांधणाऱ्या मिस्त्रीला बोलावून जुने घर दाखव. एक सकाळ जाईल. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एकाने ऐकले. त्याच्या दारातून बाहेर गेलेल्या ट्रॉल्या मी मोजल्या नाहीत. जोत्यात भरलेला मलबा कुटताना मात्र मी पाहिला, आणि त्यात एक निळा तुकडा होता.